फळी जागेवर आहे तोवर

होनवाडीच्या शंभुलिंगअप्पांनी आयुष्यात मासा खाल्लेला नाही. खाल्लेला नाही म्हणजे चाखलेला नाही, हातात धरलेला नाही आणि जमेल तिथवर हुंगलेलाही नाही. गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि श्रावणात घरात कांदासुद्धा येत नाही. असा हा माणूस गेली एकतीस वर्षं होनवाडीच्या मच्छीमार सोसायटीचा सचिव आहे. तळ्यातली मरळ पोटात अंडी घेऊन फिरतेय की नुसतीच खाऊन सुस्तावलीय, हे तो काठावर उभा राहून सांगतो. सांगताना नाकाशी ओव्याची पुरचुंडी धरलेली असते, पण सांगणं चुकत नाही.

होनवाडी उमरगा तालुक्यात, पार कडेला. इतकी कडेला की गावातले फोन निम्मा वेळ कर्नाटकात असतात आणि अप्पा रागावले की तेही कर्नाटकात जातात. गावाला एक साठवण तलाव आहे. कागदावर तलाव, बोलण्यात तळं. तळ्यावर भोयांची अकरा घरं जगतात. त्यांच्याकडं होड्या नाहीत. गुळाची गुऱ्हाळं बंद पडली तेव्हा उसाचा रस आटवायच्या दोन मोठ्या लोखंडी काहिली उरल्या होत्या, त्याच तळ्यात सोडल्या. काहील पाण्यावर गरगर फिरते, पण बुडत नाही. आत एक माणूस बसतो, एक जाळं बसतं, आणि कुठल्या दिशेला जायचं ते बऱ्याच अंशी काहीलच ठरवते.

आता किराणा दुकानदार, तोही असा सोवळा, मासेवाल्यांचा सचिव कसा झाला? सोसायटी काढायची तेव्हा लिहितावाचता माणूस हवा होता. गावात तसे चारपाच होते. पण आताची चेअरमन जी द्वारकाबाई, तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे भोयांमधल्या सगळ्यांत जुन्या माणसानं, सगळी नावं बाजूला सारली आणि सरळ अप्पांच्या दुकानाची पायरी चढली.

"अप्पा, मासं राखायला मासं न खानारा मानूस पायजे," ते म्हणाले. "बाकीचे समदे सई करताना बी मागल्या दारानं मरळ मागत्यात."

अप्पांना यात खोट काढता आली नाही. ते सचिव झाले. शांतम्मानं, त्यांच्या बायकोनं, एकच अट घातली, की सोसायटीचा माणूस दुकानात येईल तो माशांची पाटी बाहेर ठेवून येईल. ती स्वतः लग्न होऊन आल्यापासून तळ्याकडं फिरकलेली नव्हती. वास लागतो म्हणून ती देवळातही तळ्याची वाट टाळून, वळसा घालून जायची.

आणि मग ती फळी.

अप्पांचं दुकान जुन्या पद्धतीचं. शटर नाही, उभ्या लाकडी फळ्या आहेत. वर-खाली खाच असते, त्या खाचेतून एकेक फळी सरकवत न्यायची. अकरा फळ्या लागल्या की दुकान बंद. पहिल्याच वर्षी, १९९५ साली, भर दुपारी तळ्यात नवं पाणी आलं. आमच्या भागात पाणी जूनमध्ये येत नाही. येतं ते ऑगस्टच्या शेवटी, कधी सप्टेंबरात, आणि आलं की गावाला बाकीचं काही सुचत नाही. नव्या पाण्यावर मासा चढतो, अंडी घालतो. ते बघायला सगळा गाव बांधावर. अप्पांनीही दुकान बंद केलं आणि सचिव या नात्यानं भिजत उभे राहिले. संध्याकाळी परत येऊन फळ्या काढायला लागले तर दहा निघाल्या आणि एक, सरकवताना नेमकी मध्यभागी, फुगून बसली. ती हलेना. तासणी आणा म्हणून कुणीतरी सुचवलं, पण ती फळी अप्पांच्या आजोबांच्या वेळची, सागवानी. तिला तासणी लावायची हिंमत कुणाला होईना.

त्याच वेळी भोई विचारायला आले, "सचिवसाहेब, जाळं कधी टाकायचं?"

अप्पा घामाघूम होऊन फळी ओढत होते. "ही निघंल तवा," ते म्हणाले.

हे ते वैतागून म्हणाले होते. पण सचिवाचा पहिला हुकूम म्हणून भोयांनी तो पाळला. फळी सुकून निघायला पंचेचाळीस दिवस लागले. पंचेचाळीस दिवसांनी जाळं पडलं तेव्हा मरळीची पिलं वीतवीत झाली होती, सोसायटीनं सोडलेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, हाताला लागण्याजोगी झाली होती, आणि त्या वर्षी होनवाडीच्या पाट्या उमरग्याच्या बाजारात सगळ्यांत जड होत्या. तेव्हापासून रिवाज पडला. नवं पाणी आलं की अप्पा दुकानाच्या मधोमध ती एक फळी उभी करतात. तिच्या मागच्या बाजूला निळ्या रंगानं तारीख लिहितात. फळी जागेवर आहे तोवर तळ्यात जाळं नाही, गळ नाही, पोरांची टोपलीसुद्धा नाही. दीड महिना गिऱ्हाईक फळीच्या डावीकडून बोलतं आणि अप्पा उजवीकडून साखर देतात. पंचेचाळिसाव्या दिवशी फळी निघते, आणि ती निघताना खाचेत जो आवाज होतो तो ऐकायला अकरा घरांची माणसं सकाळपासून पायरीवर बसून असतात.

विभागीय मत्स्य मंडळाला हे सगळं माहीत होतं. दरवर्षी अप्पा त्यांना पोस्टकार्ड टाकत, 'फळी लागली.' दोनच शब्द. मंडळातला कारकून ते कार्ड फायलीला लावून होनवाडीचं तळं परक्यांना बंद करून टाकायचा. कारकून बदलले, पण पुढच्याला मागचा समजावून जायचा. तीस वर्षं अशी गेली.

गेल्या वर्षी वर ठरलं, की देशात जागोजागी असलेली विभागीय मंडळं मोडायची आणि सगळ्यांचं मिळून एक राष्ट्रीय प्राधिकरण करायचं. एकच नोंदणी, एकच परवाना, एकच बंदीकाळ. अप्पांना ही कल्पना मनापासून आवडली. "एक घर असलं की चुली मोजाव्या लागत न्हाईत," असं ते दुकानात सांगत होते. पण यंदा ऑगस्टच्या शेवटी त्यांनी टाकलेलं पोस्टकार्ड आठ दिवसांत परत आलं. त्यावर शिक्का होता: 'सदर कार्यालय अस्तित्वात नाही.' अप्पांनी ते कार्ड बराच वेळ उलटसुलट करून बघितलं. तीस वर्षं ज्याला पत्र लिहिलं तो माणूस मुळात नाहीच, असं कुणी कळवलं तर जसं वाटेल तसं त्यांना वाटलं असावं.

मग ते उमरग्याला शिवांजलीकडं गेले. शिवांजली ऑनलाइन फॉर्म भरून देते. तिनं प्राधिकरणाचा फॉर्म उघडला.

"बंदराचं नाव?" तिनं विचारलं.

"होनवाडी."

"बोटीचा प्रकार?"

"काहील."

शिवांजलीनं यादी वर-खाली केली. "ट्रॉलर हाय, यांत्रिक होडी हाय, तराफा हाय. काहील न्हाय, अप्पा."

"इतर असंल की कुठं."

"हाय. इतर. लांबी?"

"गोल हाय ती."

"इंजीन?"

"उत्तरेश्वर," अप्पा म्हणाले. उत्तरेश्वर हा द्वारकाबाईचा थोरला मुलगा, काहील वल्हवण्यात पटाईत. शिवांजलीनं ते लिहिलं नाही.

खरी अडचण पुढच्या रकान्यात होती. बंदीकाळ. तिथं लिहायला जागाच नव्हती, निवडायला दोन पर्याय होते: पूर्व किनारा, पश्चिम किनारा.

"आपला किनारा कुठला?" शिवांजलीनं विचारलं.

"तळ्याला चारी अंगाला किनारा हाय," अप्पा म्हणाले. "सांडवा पश्चिमेला हाय, ते लिव्ह."

तिनं पश्चिम दाबलं, फॉर्म गेला, आणि दुपारी अप्पांच्या फोनवर कळवण्यात आलं, की होनवाडी जलाशयाचा पश्चिम किनाऱ्यात समावेश झाला असून बंदीकाळ एक जून ते एकतीस जुलै आहे. समुद्रापासून चांगला चारशे किलोमीटर आत बसलेलं गाव एका बोटाच्या दाबानं किनाऱ्याला लागलं.

जून-जुलैत होनवाडीच्या तळ्यात म्हशी बसतात. मासा असतो तो मधल्या डबक्यात. त्या दिवसांत बंदी म्हणजे बंद दुकानाला कुलूप. आणि नवं पाणी येऊन मासा अंड्यावर येतो तेव्हा नेमकी सगळ्या देशाला मोकळीक. त्यात परवाना आता एकच, कुठलाही माणूस कुठल्याही पाण्यात जाळं टाकू शकणार. यंदा पाणी आल्यानंतर पंधराव्याच दिवशी एक टेम्पो येऊन बांधावर उभा राहिला होता. त्यात यांत्रिक ओढजाळं होतं. टेम्पोवाल्यानं पाणी बघितलं, अप्पांची फळी बघितली, आणि हसून म्हणाला, "काका, तुमची बंदी जुलैतच सरली. सुनावणी होऊ द्या, मग येतो." असं जाळं दोनदा फिरलं असतं तर अंड्यावरची मरळ आणि बोटभर पिलं एका ओढीत गेली असती, आणि अकरा घरांना पुढची दोन वर्षं तळ्यात फक्त स्वतःचं तोंड बघायला मिळालं असतं.

सुनावणी म्हणजे हरकतींची. धाराशिवला, सप्टेंबरच्या अठरा तारखेला. अप्पांनी हरकत घेतली होती: आमची बंदी पाण्यावर ठेवा, तारखेवर नको. नोटिशीत लिहिलं होतं, 'स्थानिक बंदीकाळाचा किमान दहा वर्षांचा पुरावा, मूळ दस्तऐवजासह, सादर करावा.'

"फोटू काढून पाठवू की," द्वारकाबाई म्हणाली. ती सोसायटीची चेअरमन. बाजारात पाटी घेऊन बसते तेव्हा समोरच्याला बोलायला वाव देत नाही, आणि सभेतही देत नाही.

"मूळ म्हंत्यात," अप्पा म्हणाले. "मूळ म्हंजे मूळ. फळी घिऊन जातो."

"येकटी फळी?"

"येकतीस वर्सं हायत तिच्यावर. माझ्यावर बी येवढं लिवलेलं न्हाय."

शांतम्मानं नाष्ट्याला भाकरी बांधून दिली आणि विचारलं, "फळी नेताव, मग दुकानाचं काय?"

"दुकान उगडंच ऱ्हाऊ दे. तू हायसच."

एवढंच बोलणं झालं. अप्पा सगळा विचार करणारा माणूस. फळीला पाऊस लागू नये म्हणून त्यांनी तिला खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलं होतं, तारखा पुसू नयेत म्हणून आत धोतर घातलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नाही, आणि ती तुमच्या डोक्यात केव्हाच आली असेल. एकतीस वर्षांत पाण्याच्या एकविसाव्या दिवशी फळी जागेवरून हलली नव्हती. आज हलली होती.

सकाळच्या एसटीत फळी मधल्या वाटेत आडवी निजली. कंडक्टरनं आधी अप्पांचं अर्धं तिकीट फाडलं आणि मग खाली बघितलं.

"हे सामान हाय. ह्याचं तिकीट लागंल."

"सामान कसं? दस्तऐवज हाय."

"किती लांबीचा दस्तऐवज ओ हा?"

"वय बगा की तिचं," अप्पा म्हणाले. "आजोबांनी केलेली. एक्याऐंशी वर्सं झाली. पंच्याहत्तरच्या वर फुकट म्हंता न्हवं तुमी?"

कंडक्टर नळदुर्गचा होता, हार मानणारा नव्हता. "आधार कार्ड दाखवा तिचं."

अप्पांनी पोतं सोडून फळीची मागची बाजू दाखवली. कंडक्टरनं वाकून तारखा वाचल्या. पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव. वाचता वाचता तुळजापूर आलं. पुढं दोन हजार पंधराच्या सालापाशी तारीख नव्हती, नुसतं 'आलं न्हाय' लिहिलेलं होतं.

"पंदरा साली न्हवतंच आलं आमच्याकडं बी," कंडक्टर म्हणाला. मग त्यानं तिकिटाचं मशीन बंद केलं आणि फळीवर पाय पडू नये म्हणून मागच्या मंडळींना मागल्या दारानं उतरवलं.

सुनावणी घेणारे अधिकारी अमरसिंह नावाचे होते. सगळी नोकरी त्यांनी समुद्राच्या काठानं काढली होती आणि धाराशिवला येऊन त्यांना आठच दिवस झाले होते. टेबलावर फायली होत्या, भिंतीवर देशाचा नकाशा होता. नकाशावर सगळा किनारा निळ्या पेनानं गिरवलेला आणि मधला देश कोरा.

अप्पांचा नंबर दुपारी एकच्या सुमारास लागला. त्यांनी नमस्कार केला आणि फळी टेबलावर ठेवली. ती टेबलापेक्षा लांब होती. दोन टोकं दोन बाजूंना निघाली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"मूळ दस्तऐवज."

अमरसिंह साहेब हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या तारखेपासून शेवटच्यापर्यंत फळी वाचली. वाचताना ते टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

"पंचेचाळीस दिवसच का?" त्यांनी विचारलं. "काही शास्त्रीय आधार?"

"फळी सुकायला तेवढेच लागले."

"अहो, पण हा आधार कसा होईल?"

"साहेब, मरळीचं पिल्लू पंचेचाळीस दिसांत आईला सोडतं. तवर ती त्याच्याखाली फिरती, वर लाल लाल पिलांचा पुंजका आन् खाली ती. त्या दिसांत जाळं टाकलं की आई बी गेली आन् पुंजका बी. फळीला ह्ये ठाऊक न्हवतं, पर बरूबर निगाली."

साहेबांनी खुर्चीत बसून पेन टेकवलं. माणूस चांगला होता. फॉर्म त्यानं केलेला नव्हता. "शंभुलिंगजी, हे मला पटतंय. पण मला वर लिहावं लागेल की ही बंदी प्रत्यक्षात पाळली जाते. तिथं गस्त नाही, दंड नाही, चौकी नाही. एक फळी आहे. उद्या कुणी नाही पाळली तर? लोक पाळतात याला पुरावा काय?"

अप्पा उत्तर देणार तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांच्या फोनचं कानाचं काम कधीच गेलंय, तो फक्त मोठ्यानं बोलतो. त्यातून द्वारकाबाई बाहेर आली.

"अप्पा, फळी कुठवर पोचली?"

"साहेबांच्या टेबलावर."

"मग हितं या बगाया. फळी जागंवर न्हाय म्हून समद्यांनी जाळी भाईर काढल्यात. येक काहील पान्यात पडली बी."

अप्पा उभे राहिले. "आज येकवीसच दीस झाले की गं."

"म्या कोकलून तेच सांगायली. तर म्हंत्यात, फळी काढली म्हंजे अप्पांनीच काढली, अप्पा काय येडे हायत व्हय काढायला. माझा उत्तरेश्वर सगळ्यात म्होरं हाय."

"दुसरी फळी लाव तिथं. दहा हायत आत."

"लावली की. मागनं फिरून बगत्यात आन् म्हंत्यात, ही ती न्हवं, हिच्यावर तारखा न्हाईत."

दालनात बसलेले बाकीचे हरकतदार आपापल्या फायली विसरून फोनकडं बघत होते. अप्पांचा चेहरा उतरला. पुरावा मागितला होता आणि पुरावा म्हणून त्यांच्याच तळ्यावर, त्यांच्याच माणसांनी, त्यांच्याच चुकीनं जाळी काढली होती. "इल्ला, इल्ला," ते पुटपुटले. म्हणजे, नाही, नाही. अप्पा कर्नाटकात गेले होते.

मग फोनमध्ये खडखड झाली आणि दुसरा आवाज आला. शांतम्मा.

"द्वारके, तो फोन दे हिकडं. अहो, ऐकताव का? फळीच्या जागी मी हुबी ऱ्हायले."

"कुठं?"

"खाचेतच की. उंबऱ्यावर. बगू कोन म्हंतंय ही ती न्हवं. माझ्यावर बी वर्सं हायत." मग ती बहुधा रस्त्याकडं तोंड करून बोलली, कारण आवाज लांबून आला. "ये उत्तरेश्वर, बाळतपनात तुला पयली गुटी कुनी पाजली रे? म्या जागंवर हाय तवर ती काहील भाईर काढ."

यानंतर काही वेळ फोनमध्ये नुसता गोंधळ ऐकू आला. बाया बोलत होत्या, कुणीतरी हसत होतं, एक म्हातारा, "काढा रे, काढा, फळी लागली," असं सारखं म्हणत होता. मग लांबून, तळ्याच्या बाजूनं, लोखंड दगडावर ओढल्याचा लांबलचक खरवडता आवाज आला. काहील काठावर आली होती.

"निगाली भाईर," द्वारकाबाई म्हणाली. तिचा आवाज आता बाजारातला झाला होता. "जाळं ओलं झालं न्हाय. उत्तरेश्वर शरमून घराकडं गेला. म्हंतोय, शांतव्वाला हलवायचं म्हंजे माझ्या बापाच्यानं झालं नसतं."

अमरसिंह साहेबांनी फोनकडं वाकून विचारलं, "बाई, तुम्ही किती वेळ उभ्या राहाल?"

"कोन बोलतंय?"

"मी सुनावणी घेणारा अधिकारी."

"मग तुमीच सांगा की," शांतम्मा म्हणाली. "तुमची सुनावनी सरंल, फळी यष्टीतनं हितं उतरंल, तवर. उगं बसू नगासा."

सरकारी कामाला असा नेटका वेळ कुणी कधी लावून दिला नसेल. साहेबांनी घड्याळ बघितलं. "उमरग्याची गाडी किती वाजता?"

"दोन दहा," अप्पा म्हणाले.

साहेबांनी पुरावा आणखी मागितला नाही. फळी काढली तर सगळा गाव जाळी घेऊन निघतो, फळी लागली तर पाण्यात पडलेली काहील परत ओढून काढतो. समुद्रावर सतरा वर्षं गस्ती बोटी फिरवून आपल्याला हे जमलं नव्हतं, असं ते शेजारच्या कारकुनाला म्हणाले. त्यांनी संगणक स्वतःकडं ओढला. होनवाडीला पश्चिम किनाऱ्यातून काढलं. आतल्या पाण्यांसाठी 'स्थानिक निश्चिती' म्हणून एक रकाना होता, जो आजवर कुणी उघडलाच नव्हता, तो उघडला. बंदीकाळ: नवं पाणी आल्यापासून पंचेचाळीस दिवस. परक्या परवान्याला त्या दिवसांत मनाई. बंदीची खूण: फळी. मग यंत्र अडलं. पुढचा रकाना भरल्याशिवाय ते पुढं जायला तयार नव्हतं.

"पर्यायी खूण," साहेबांनी वाचलं. "मूळ खूण उपलब्ध नसल्यास काय. हे भरावंच लागतं."

दोघंही क्षणभर फोनकडं बघत राहिले. तो बंद झालेला होता.

साहेबांनी अप्पांना एक नाव विचारलं आणि टाइप केलं. अप्पांनी वाकून वाचलं, फक्त नावात 'म'ला 'म' जोडलाय ना, एवढं बघितलं.

छापलेला आदेश घेऊन, एक गोल शिक्का फळीच्या वरच्या कोपऱ्यात मारून घेऊन अप्पांनी दोन दहाची गाडी धरली. कंडक्टर सकाळचाच निघाला. "झालं का आजीचं काम?" त्यानं विचारलं. फळीला तो आता आजी म्हणत होता. तुळजापूरला उतरणाऱ्या दोन बायांनी तर फळीला हात लावून नमस्कार केला. देवीला चाललेली कसली तरी वस्तू असावी असं त्यांना वाटलं, आणि अप्पांनीही ते खोडून काढलं नाही.

होनवाडीत पोचेपर्यंत ऊन कलतं झालं होतं. दुकानाच्या मधोमध, बरोबर खाचेवर, शांतम्मा उभी होती. म्हणजे आता बसली होती, पण स्टूल खाचेतच होतं. शेजारी द्वारकाबाई जमिनीवर बसून पान जुळवत होती. तिची रिकामी पाटी पायरीच्या आत होती, बाहेर नव्हती. शांतम्माच्या हातात ओव्याची पुरचुंडी होती, पण तिनं ती नाकाशी धरलेली नव्हती, चघळायला घेतली होती. डावीकडून गिऱ्हाईक बोलत होतं आणि उजवीकडून ती साखर देत होती.

अप्पांनी पोतं सोडलं. उत्तरेश्वर पुढं आला आणि त्यानं फळीचं दुसरं टोक धरलं. फळी खाचेत बसली. अकरा घरांची माणसं रस्त्यात उभी राहून बघत होती. कुणीतरी मागं जाऊन तारखा बघून आलं आणि म्हणालं, "तीच हाय."

"टेम्पोवाल्याला सांगा," अप्पा म्हणाले, "आता आला तर त्याला आदेश वाचून दावंन. दिल्लीचा कागूद हाय आपल्यापाशी."

शांतम्मानं पाय मोकळे केले. "काय काय लिवलं कागदात?"

अप्पांनी आदेश उघडून वाचला. बंदीकाळ वाचला, परक्या परवान्याचं वाचलं, खुणेपाशी फळी वाचलं. मग कागदाची घडी घालायला लागले.

"फुडं?"

"फुडं तू हायस. पर्यायी खूण, शांतम्मा शंभुलिंग. देशाच्या दफ्तरात गेलीस."

द्वारकाबाई हसून हसून पानाचा तोबरा सांभाळत भिंतीला टेकली. शांतम्मानं कागद हातात घेतला. तिला वाचता येतं, पण सरकारी अक्षर सावकाश. बोट ठेवत ठेवत ती खाली गेली, मग बोट पुन्हा वर आणलं.

"फळी वर, आन् मी खाली?" ती म्हणाली. "दुपारधरनं हुबी कोन ऱ्हायलं?"

अप्पांनी फळीकडं बघितलं. मग निळ्या रंगाचा डबा काढला, फळीच्या मागं गेले, आणि यंदाच्या तारखेच्या वर, जरा दाटीवाटीनं, तिचं नाव लिहायला घेतलं.